आमच्या जहागिरीचा पॉडकास्ट

आमच्या घराण्याला निजामाकडून बारा गावांची जहागीर मिळाली होती, ही गोष्ट मी जगाला सांगितली तेव्हा जग म्हणजे एकूण सत्तावीस माणसं होती.

त्यातला एक मी. दुसरी माझी बायको सुनंदा. म्हणजे सुनंदा स्वतः नव्हे, तिचा फोन. ती पोळ्या करत असली की मी तिच्या फोनवर माझा नवा भाग लावायचो आणि फोन कणकेच्या डब्यावर ठेवून यायचो. (ऐकणाऱ्यांचा आकडा एकानं वाढतो. खरंच कुणी ऐकतंय का, हे त्या ॲपला कळत नाही!)

मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मला पॉडकास्ट ऐकायची सवय लागली. सकाळी फिरायला निघालो आणि कानात इअरफोनची बोंडं घातली, की कुणीतरी दिल्लीचा इतिहास सांगायचं, कुणीतरी पुण्याचा. ऐकता ऐकता मी चिडायला लागलो. मोगल झाले, पेशवे झाले, इंग्रज झाले, आमच्या मराठवाड्याची पाळी काही येईना. आली तरी 'इकडे निजामाचे राज्य होते' एवढं म्हणून गडी पुढच्या विषयाला लागायचा! "एवढंच?" असं मी एकदा भर रस्त्यात ओरडलो. समोरून येणारे गृहस्थ घाबरून बाजूला झाले.

तेव्हा ठरवलं, आपला इतिहास आपणच सांगायचा. पॉडकास्टला नाव दिलं 'ढाळज'. आमच्याकडे घराच्या दारातून आत शिरलं की बसायला, गप्पा छाटायला जी ऐसपैस जागा असते, ती ढाळज. माइक मागवला. आमचं घर रस्त्याला लागून, ऑटोवाल्यांचे हॉर्न दिवसभर चालू, म्हणून मी डोक्यावरून गोधडी घेऊन आत बसून रेकॉर्डिंग करायचो. पंखा बंद. महिना मे. गाव नांदेड. पहिला भाग उरकून बाहेर आलो तेव्हा सुनंदानं आधी मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि मग विचारलं.

"अहो, काय करून राहिले होते आत?"

"कंधारचा किल्ला."

"घाम बघा तुमचा! सांगितला का बांधला?"

कंधारचा किल्ला नऊ जणांनी ऐकला. उदगीरचा किल्ला अकरा जणांनी. किल्ले संपत आले तरी ऐकणारे वाढेनात, तेव्हा मी विचार केला, लोकांना दगडधोंडे नकोत, माणसं हवीत. आणि मला आमच्या घरातली चौकट आठवली.

आमचं गाव जळकोटजवळ. तिथं माझे वडील, अप्पा, राहतात. वय चौऱ्याऐंशी. आई गेल्यापासून त्यांचं जेवणखाण शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे, बालाजीकडे. गावच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर एक काचेची चौकट आहे. आत पिवळा पडलेला उर्दू कागद आणि त्याच्या खाली मोठी गोल मोहोर. हिला आमच्या घरात 'सनद' म्हणतात. दसऱ्याला विळा, खुरपी, कुऱ्हाड यांच्याबरोबर सनदेचीही पूजा होते. काचेवर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. पणजोबा गोविंदरावांवर निजाम खूश झाला आणि त्यानं हा कागद धाडला, एवढं सगळ्या भावकीला ठाऊक होतं. का खूश झाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद वाचून बघावं, तर आता घरात उर्दू कुणाला येणार? अशा जागीच तर इतिहासकार लागतो!

ऑगस्टातल्या एका रविवारी मी माइक घेऊन गावी गेलो. चौकट खाली उतरवली, अप्पांना शेजारी बसवलं (त्यानं अस्सल वातावरण येतं) आणि बेचाळीस मिनिटं बोललो. मोहोर बघून सांगितलं की ही खुद्द निजामाची मोहोर. अक्षराच्या वळणावरून सांगितलं की हे दरबारी लेखनिकाचं काम. उर्दू आकड्यांपैकी मला एक आणि दोन एवढेच ओळखू येतात, आणि नेमके तेच दोन कागदाच्या मधोमध शेजारी शेजारी उभे होते. बारा! आता सनदेत बारा काय असणार? इथं मी आवाज खाली आणला, दोन सेकंद थांबलो आणि म्हणालो, "बारा... गावांची... जहागीर."

माझ्याच अंगावर काटा आला.

पहिल्या दिवशी सत्तावीस. दुसऱ्या दिवशी बालाजीनं तो भाग भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि तिसऱ्या दिवशी आकडा दीड हजारावर गेला! बालाजीचा फोन आला. आवाज भरून आलेला.

"दादा, आपुन जहागीरदार! आन् तुमी आजवर बोलला न्हाईत?"

"अरे, संशोधन चालू होतं."

"म्या ट्रॅक्टरवर लिव्हून घेतलं. म्होरं 'आईचा आशीर्वाद' व्हतं, ते पुसलं. आता 'जहागीरदार'."

त्यानंतर भावकीचं जे काही झालं ते मी उघड्या डोळ्यांनी बघत राहिलो. निलंग्याचे एक चुलते फोन उचलताना 'हॅलो'च्या जागी 'जहागीरदार बोलतोय' म्हणू लागले. एका काकूंनी हळदीकुंकवाला सतरंजीवर बसायला नकार देऊन खुर्ची मागितली. अहमदपूरच्या एका भावानं, जो आमच्याशी आठ वर्षं बोलत नव्हता, मला थेट विचारलं, "बारातली माझ्या वाटणीची तीन गावं कोणती, तेवढं सांग. अन् जळकोट त्यात येतं का? बाजारपेठ हाय म्हून इच्यारून राहिलो." मी त्याला सांगितलं की संशोधन चालू आहे. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. कॉलेजात प्राचार्य मला बघून अर्धवट उठले. आधी ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

मग गावच्या सरपंचांचा फोन आला. सतरा सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्या दिवशी, शाळेच्या मैदानावर झेंडावंदन असतं. त्या कार्यक्रमात अप्पांचा सत्कार करायचं गावानं ठरवलं होतं. निजाम गेला त्या दिवशी निजामाच्या जहागीरदाराचा सत्कार! हे जरा विचित्र होतंय, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण आलं तसं मी जाऊ दिलं. उलट सरपंचांना म्हणालो, "सनद मंचावर ठेवा. आणि नुसती ठेवू नका, जाणकाराकडून सगळ्यांसमोर वाचून घ्या. त्यानं इतिहासाला वजन येतं."

(हे वाक्य माझं. मला कुणी बोलायला लावलं नव्हतं!)

जाणकारही मीच सुचवला. उदगीरचे मोईन सर, निवृत्त उर्दू शिक्षक. 'ढाळज'चे अगदी पहिल्यापासूनचे श्रोते, प्रत्येक भागाखाली दोन ओळी लिहिणारे. सरपंचांनी त्यांना आमंत्रण दिलं, आणि मी तयारीसाठी म्हणून त्यांना सनदेचा फोटो पाठवला. कार्यक्रमाला पाच दिवस होते. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"दत्तात्रय सर, बसलेले आहात ना?"

"बसलोय की. बोला."

"नै, जरा टेकून बसा." मी टेकलो. "सर, ये सनद नै है. ताकीद है."

"कुणाला?"

"तुमच्या पणजोबांना. जळकोट भागाच्या तहसीलदारानं दिलेली."

"कसली ताकीद?"

"म्हैस," मोईन सर म्हणाले.

मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलले. पण ते माझ्याशीच बोलत होते. आमच्या पणजोबांची म्हैस तहसीलीच्या बागेत शिरली. माळ्यानं दोनदा हाकलली. तिसऱ्यांदा शिरली आणि बाग फस्त करून गेली. पुन्हा आली तर म्हशीबरोबर मालकालाही कोंडवाड्यात घालू, असं त्या कागदात लिहिलं होतं. मोहोर तहसील कचेरीची. आणि 'गोविंदराव' असं त्यात कुठंच नव्हतं. 'गोविंदा वल्द रामा', म्हणजे रामाचा पोरगा गोविंदा, एवढंच होतं.

"आणि सर, ते बारा? बारा आकडा तर आहे ना?"

पलीकडे कागद पुन्हा पहिल्यापासून पुटपुटत वाचल्याचा आवाज आला.

"वांग्याची रोपं, सर."

त्या दिवसापासून मी जेवणाऐवजी ओवा चघळू लागलो. माझी काय अब्रू जायची ती जाऊ दे. इतिहासाच्या मास्तरला अब्रू असून असते किती! पण अप्पांचं काय? त्या माणसानं आयुष्यभर मान खाली घालून शेती केली. कधी कुणी हार घातला नाही. गेल्या वर्षी लातूरच्या दवाखान्यात हृदयात दोन स्टेंट घातले, आणि डॉक्टरांनी बजावलं की यांना धक्का बसेल असं काही करू नका. आता सगळ्या गावासमोर, फेटा बांधून, हार घालून त्यांना बसवणार, आणि मग त्यांच्याच भिंतीवरचा कागद वाचून गाव खदाखदा हसणार. हे सगळं मी घडवून आणलं होतं, तेही बेचाळीस मिनिटांत.

सुनंदा मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती कपाळाला हात लावेल. तिनं काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "मग अप्पांना विचारा की."

"काय विचारू? 'अप्पा, तुम्ही ऐंशी वर्षं म्हशीच्या नोटिसीला हळदकुंकू वाहिलं, कसं वाटतं?' असं विचारू? स्टेंट आहेत त्यांना!"

"तरी विचारा," ती म्हणाली. पुढच्या चार दिवसांत तिनं हेच वाक्य मला सहा वेळा ऐकवलं. बायकांना गोष्टीचं गांभीर्य कळत नाही, असं मी मनात म्हणालो. (मोठ्यानं नाही.)

मी कामाला लागलो. सगळ्यात आधी तो भाग ॲपवरून काढून टाकला. पाच मिनिटांत बालाजीचा फोन. "दादा, काळजी करू नगा, कुणी तरी तुमचा भाग गायब केलाय. पर म्या आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलाय! मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर रोज सकाळी लावतोय. लोक दूध काढता काढता ऐकून राहिलेत."

मग मोईन सरांना फोन केला. म्हटलं, सर, मंचावर थोडं इकडचं तिकडं वाचाल का? मोईन सर खऱ्या मास्तरासारखे ताठ झाले. "पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. लिहिलंय त्याच्याबाहेर एक हर्फ वाचणार नाही." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "लेकिन सर, बुखार आ सकता है."

मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि सतरा तारखेचा त्यांचा ताप पक्का करून टाकला.

राहता राहिली चौकट. पंधरा तारखेला सुनंदाला घेऊन गावी गेलो. अप्पा नवी टोपी घालून ओट्यावर बसले होते. ती टोपी बघून माझा जीव आणखीच खालीवर झाला.

"अप्पा, चौकट नांदेडला नेतो म्हणतो. स्कॅन करून आणतो."

"न्हाई. सतरा तारखेला लागती."

"मागच्या फळीला वाळवी लागलीय बहुतेक."

"परवाच बघितली म्या. धड हाय."

"काच तरी पुसून..."

"ती सुनबाईनं आत्ताच पुसली."

सोळा तारखेला दुपारी जेवणं झाली. अप्पा आडवे झाले, सुनंदा बालाजीकडे गेली. मी स्टूल घेतलं, हातात गच्च भरलेला चहाचा कप घेतला आणि वर चढलो. बेत साधा होता. चौकट उतरवताना काच निसटेल, चहा कागदावर सांडेल आणि घराण्याची सनद एका दुर्दैवी अपघातात नष्ट होईल. पुढचा एक भाग मी त्या अपघातावरही केला असता! एका हातात कप, दुसऱ्या हातानं खिळा चाचपतोय, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दत्ता, चहा घेऊन वर कशाला चढलास?"

"अप्पा... वर जरा वारा लागतो."

"खाली पंखा हाय," अप्पा म्हणाले आणि कुशीवर वळले. मी स्टुलावर उभा राहूनच सगळा चहा प्यायलो, कारण उतरायचं कसं तेच सुचेना.

सतरा तारीख उजाडली. झेंडावंदन झालं. मैदानात मंडप, समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत आमची भावकी. निलंग्याचे चुलते जरीचा फेटा बांधून आलेले. मंचावर टेबल, टेबलावर चौकट, चौकटीला अप्पांना घालायच्या हाराहून मोठा हार. मी दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत होतो. मोईन सर नाहीत. अकरा वाजले, तरी नाहीत. मी ओव्याची पुडी पहिल्यांदाच खिशात ठेवून दिली. आणि मैदानात सरपंचांची जीप शिरली!

"बुखार म्हणले," सरपंच अभिमानानं माइकवर सांगू लागले, "तवा म्या सोताच गाडी घेऊन गेलो. संगं डाक्टर घेतला. डाक्टर म्हणला, ताप काय न्हाई, सर लाजून राहिलेत! घेऊन आलो."

मोईन सर जीपमधून उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी अप्पांकडे बघितलं. फेट्याखाली अप्पांचा चेहरा शांत होता. पाणी देण्याच्या निमित्तानं मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. ते कोसळले तर धरता यावं, एवढाच हेतू.

मोईन सर चौकटीसमोर उभे राहिले. चष्मा पुसला. आणि त्या भल्या माणसानं एक युक्ती केली. कागदात होतं ते जसंच्या तसं, पण मराठीत एक शब्द न सांगता, कचेरीच्या फारसीभरल्या उर्दूत, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"गोविंदा वल्द रामा को मुत्तला किया जाता है..."

टाळ्या! निलंग्याच्या चुलत्यांनी शीळ घातली.

"...कि उसकी जामूस ने बाग-ए-तहसील में दाखिल होकर..."

"बाग बी व्हती!" बालाजी उठून ओरडला. "बाग बी आपलीच!"

"...दवाज्दा अदद बादंजान..."

या 'बादंजान'ला, म्हणजे त्या बारा वांग्यांना, जी टाळी पडली, तशी त्या मैदानावर कुठल्या मंत्र्यालाही पडली नसेल. कुणालातरी तो मोठा किताब वाटला. अहमदपूरच्या भावानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगितलं, "बादंजान! ध्येनात ठेव."

"...लिहाजा सख्त ताकीद..."

इथं सरपंचांच्या कपाळाला आठी पडली. ताकीद तर मराठीत आहे! "ताकीद? कुणाला ताकीद?"

"बारा गावांना!" मी अप्पांच्या मागून ओरडलो. "शेतसारा वेळेवर भरा म्हणून!" लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. कोंडवाड्याचा शब्द आला तेव्हा मोईन सरांना मोठा खोकला आला, आणि त्या खोकल्यातच वाचन संपलं. सुटलो, असं वाटलं.

"वा! वा!" सरपंच म्हणाले. "आता सर, ह्येच जरा मराठीत सांगा. म्हाताऱ्या मानसांना बी कळू द्या."

मोईन सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आणि त्याच वेळी अप्पा खुर्चीतून उठले आणि सरपंचांच्या हातातून माइक घेतला. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात सोडवला.

"मास्तरांनी वाचलं ते बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "पर तुमाला कळलं न्हाई. म्या सांगतो. ह्यो कागद जहागिरीचा न्हाई. माझ्या आज्याची म्हैस तहसीलदाराची वांगी खाऊन आली, तिच्या पायी आलेली ही नोटीस हाय."

बालाजीचं तोंड उघडं ते उघडंच.

"आज सतरा तारीख. निजामाचं राज गेलं म्हून आपुन झेंडा लावला. आन् त्याच झेंड्याखाली बसून निजामाची जहागीर मिरवायची? लाज वाटली मला. भावकी ट्रॅक्टर रंगवून राहिली, तवाच ठरवलं, आज उभं राहून सांगायचं. माझा आजा कुणा गावाचा मालक नव्हता. एका म्हशीचा मालक व्हता. लई गुणाची म्हैस. मला दुसऱ्याची बारा गावं नगं."

मग बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला, "आन् मग त्या म्हशीचं काय झालं?"

"दुसऱ्या दिशी परत गेली," अप्पा म्हणाले.

गाव हसलं. ज्या हसण्याच्या भीतीनं मी पाच दिवस ओवा खाऊन काढले होते ते हसणं हे नव्हे, हे मला लगेच कळलं. लोक डोळे पुसत हसत होते, आणि अप्पा मंचावर उभे राहून त्यांच्याबरोबर हसत होते. मोईन सर तर चौकटीवर डोकं टेकून हसत होते. सरपंच हुशार माणूस. त्यांनी माइक परत घेतला आणि जाहीर केलं की निजामाच्या तहसीलीवर पहिला हल्ला आपल्या गावच्या म्हशीनं केला! मग अप्पांच्या गळ्यात हार पडला. मला रडू आलं. अप्पांचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो वाटायला मला एवढी वर्षं का लागली, याची लाजही वाटली.

घरी आल्यावर मी अप्पांसमोर बसलो.

"अप्पा, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"दुसरीत व्हतो. तव्हा शाळंत उर्दू व्हती. वाचाया आलं तसं पयलं ह्येच वाचलं."

(त्या काळी आमच्याकडच्या शाळांत उर्दू शिकवत, हे मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. परीक्षेत विचारतोही!)

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"आजीला सांगितलं. ती म्हणली, गप ऱ्हा. तुझ्या आज्याला वाटतं, सरकारनं त्येची दखल घेतली. आन् घेतलीच व्हती की! मग तुझ्या आईला सांगितलं, लग्नाच्या पयल्या दसऱ्याला. हसून हसून तिच्या हातातली फुलं सांडली."

माझं लक्ष सुनंदाकडे गेलं. ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"तुलाही?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्यानं इतिहास घेतलाय, त्याचं मन मोडेल. म्हणून तर चार दिवस म्हणून राहिले, अप्पांना विचारा, अप्पांना विचारा!"

दारात बालाजी थिनरचा डबा घेऊन उभा होता. ट्रॅक्टर पुसायला निघाला होता. "मला बी आजच कळलं, दादा," तो मला धीर देत म्हणाला. बालाजी आठवी नापास आहे. मी एम.ए. आहे.

"अप्पा," मी शेवटी म्हणालो, "मी माइक घेऊन तुमच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा तरी सांगायचं!"

"सांगत व्हतो की," अप्पा म्हणाले.

मी फोन काढला. कापाकापी करण्याआधीचं त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग त्यात होतं. सगळ्यांसमोर लावलं. सतराव्या मिनिटाला अप्पा खाकरतात आणि म्हणतात, "दत्ता, त्या कागदात काय लिव्हलंय सांगू का?" आणि लगेच माझा आवाज येतो, खर्जातला, पॉडकास्टसाठी खास घडवलेला:

"अप्पा, एक मिनिट. जरा लांब सरकून बसा. मधे तुमचा आवाज येऊन राहिलाय."